धुतलेलं करडू

ज्या शाळेत मी इतकी वर्षं मराठी शिकवते, त्याच शाळेत माझ्या धाकट्या बहिणीचा सत्कार झाला आणि शाल-नारळाचं ताट धरून मी शेजारी उभी होते. ताट कुणीतरी धरावंच लागतं. "तुमच्याच घरचं कार्य हाय बाई, तुमीच धरा," असं मुख्याध्यापक म्हणाले, आणि मी धरलं. शाल उचलताना संस्थेच्या अध्यक्षांचं कोपर माझ्या चष्म्याला लागलं. माफी मागायला ते वळले धाकटीकडे, आणि तिनेही हसून "असू द्या, असू द्या" म्हणत माझ्या वतीने त्यांना माफ करून टाकलं.

मला तिचा हेवा वाटतो. एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला ओळींच्या आडून शोधत बसायला नको. लहानपणापासून वाटतो आणि वयाबरोबर कमी होतो म्हणतात, तसा तो झालेला नाही. तिचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा जरा बरं वाटेल असं मला वाटलं होतं, तर ते तिला शोभायला लागले.

ती पुण्याला एका प्रयोगशाळेत मूळपेशींवर काम करते. मूळपेशी म्हणजे पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. वळण लावलं तर त्या हृदयाच्या होतात, त्वचेच्या होतात, इन्सुलिन बनवणाऱ्याही होतात. धाकटी त्यांना इन्सुलिनचं वळण लावते. कारण मला मधुमेह आहे, म्हातारपणीचा नव्हे, पोराबाळांना होतो तो. "माझ्या मोठ्या बहिणीमुळे मी या कामात आले," हे वाक्य तिच्या प्रत्येक भाषणात असतं. त्यावर लोक आधी हळहळतात आणि मग टाळ्या वाजवतात. हळहळताना ते माझ्याकडे बघतात, टाळ्या वाजवताना तिच्याकडे.

मी चौथीत असताना मला अशी तहान लागायला लागली की घरातली घागर संपवून मी शेजाऱ्यांच्या रांजणाशी जायचे. अंगावरचं मांस उतरलं. आई म्हणाली नजर लागली, अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले जंत झाले. शेवटी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा खरं काय ते कळलं. माझ्याच शरीराच्या पहारेकऱ्यांनी माझ्याच पोटातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी परक्या समजून मारून टाकल्या होत्या. अर्थात तेव्हा असं कुणी सांगितलं नाही. पोरीला रोज सुई द्यावी लागेल आणि ती जन्मभर सुटायची नाही, एवढंच आईला सांगितलं गेलं. बाकीचं कितीतरी वर्षांनी धाकटीने समजावलं. माझा आजारसुद्धा मला तिच्या तोंडून कळला.

घरात तेव्हा फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली अण्णा ओल्या वाळूच्या गाडग्यात ठेवायचे आणि ते गाडगं देवघराखालच्या सांदीत. आई सुई टोचायच्या आधी देवाला हात जोडायची. रात्री माझी साखर एकदम उतरली तर कळावं म्हणून ती माझ्याच अंथरुणात झोपायची, एक हात माझ्या पोटावर ठेवून.

धाकटी धडधाकट. माजलगावला मामाचा ऊस होता. गुऱ्हाळ लागलं की तिकडून डबा भरून काकवी यायची. आक्कासमोर गोड खायचं नाही, अशी आईची तिला ताकीद होती. म्हणून ती गोठ्यामागे जाऊन खायची आणि तोंड पुसून यायची. समोर खाल्लं असतं तर मी भांडले असते, ओरबाडलं असतं. पुसलेल्या तोंडाशी काय भांडणार? नारायणगडाच्या जत्रेत जिलबीच्या दुकानासमोर ती माझा हात धरून उभी राहिली आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "मला न्हाई आवडत जिलबी." केवढी पोर, केवढी समज, म्हणून सगळ्यांनी तिचे गालगुच्चे घेतले. घरी आल्यावर तिच्या परकराच्या ओच्याला पाक लागलेला मी पाहिला. कुणाला सांगितलं नाही, कारण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

पुढे ती शिकायला बाहेर पडली. वसतिगृहात मला सुई कोण देणार, म्हणून मी केजच्या कॉलेजात एसटीने जाऊन-येऊन शिकले. मला बघायला येणारे पाहुणे माझा बिनसाखरेचा चहाचा कप बघायचे, एकमेकांकडे बघायचे, आणि मग त्यांच्याकडून निरोप यायचा नाही. धाकटीने पुण्यात आपलं आपण जमवलं. अण्णा गेले. आता घरात आई, मी आणि तीन-चार शेळ्या. तक्रार करण्यासारखं आयुष्य नाही. फक्त शेजारी तिचं ठेवलं की ते आखूड दिसतं, आणि लोक ते सारखं शेजारी ठेवतात.

पण माझीही एक गोष्ट पुण्यात होती.

काही वर्षांपूर्वी धाकटी घरी आली ती थर्माकोलची पेटी घेऊन. "आक्का, तुझं रक्त पाहिजे," म्हणाली. रक्तातल्या पेशींना म्हणे मागे मागे नेता येतं, इतकं मागे की त्या पुन्हा मूळपेशी होतात. माझ्या पेशींपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी करून बघायच्या होत्या. ओसरीवर बसून तिच्या बरोबर आलेल्या लॅबच्या बाईने माझं रक्त घेतलं. तुलनेला निरोगी सख्ख्या भावंडाचंही लागतं म्हणून धाकटीनेही बाही वर करून एक नळी भरून दिली. मी तिकडे लक्षही दिलं नाही, कारण त्या दिवशीचा मान माझा होता. निघताना आईने त्या पेटीला हळदीकुंकू लावलं. "पोरगी घरातून निघती तवा लावायचं असतंय," असं ती लॅबच्या बाईला म्हणाली. बाई गोंधळली, पण तिने ते पुसलं नाही.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "माझ्या पेशी कशा हायत?" धाकटी म्हणायची, "मजेत." बस, तेवढ्याने माझा दिवस चांगला जायचा. शिक्षकांच्या खोलीत मी सांगायचे की मी निम्मी पुण्याला असते. इथे माझ्या डोळ्यांना लेझर करून झालं, लघवीतून प्रथिनं जायला लागली, पायाला मुंग्या येतात. तिथल्या मला यातलं काही नव्हतं. कधीतरी औषध निघेल, पेपरात छापून येईल, आणि ते ज्यांच्यापासून झालं त्या पेशी केज तालुक्यातल्या एका मास्तरणीच्या असतील, असं मी मनात धरून चालले होते. धाकटीने औषध शोधलं तरी ते केलेलं माझ्यातून असेल. एवढं एक तिला माझ्याकडून न्यावं लागलं होतं.

तर, सत्कार झाला आणि धाकटी बोलायला उभी राहिली. शाळेत ती शुद्ध बोलते, 'न्हाई'चं 'नाही' आणि 'लई'चं 'फार'. हेच मी माझ्या मुलांकडून वर्षानुवर्षं घोकून घेते, आणि तिला ते नुसतं पुण्यात राहून आलं. मी मागच्या खुर्चीवर रिकामं ताट मांडीवर घेऊन बसले.

ती चांगलं बोलते. पाचवीच्या पोरांनाही कळेल असं. "प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात," ती म्हणाली. "शरीराचे पहारेकरी त्या तपासत हिंडतात. परक्याची खूण दिसली की मारतात. म्हणून एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं तर पहारेकऱ्यांना दडपून ठेवणारी औषधं कायमची घ्यावी लागतात, आणि पहारेकरी दडपलेले असले की साधा खोकलासुद्धा महागात पडतो. आम्ही दुसरी वाट धरलीय. आम्ही जनुकीय कात्रीने पेशीच्या अंगावरच्या खुणाच काढून टाकतो. खूण नाही म्हणजे परकी नाही. मग पहारेकरी तिला सोडून देतील, बरोबर?"

"बरोबर!" मुलं ओरडली.

"चूक. पहारेकऱ्यांची आणखी एक तुकडी असते. ज्या पेशीच्या अंगावर कुठलीच खूण नाही, तिला ही तुकडी मारते. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. कारण लहान असताना मी एक करडू धुतलं होतं."

ताट माझ्या मांडीवरून घसरून फरशीवर पडलं. सगळी शाळा मागे वळली. मी ते उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं.

करडू मी धुतलं होतं.

मी सहावीत होते, ती दुसरीत. आमची एक शेळी व्याली आणि पोट फुगून मेली, तिचं करडू मागे राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या शेळीला मेलेलं करडू झालं. एकीकडे दूध, दुसरीकडे भुकेलं पिल्लू, पण शेळी परकं करडू जवळ करत नाही. शेपटीखाली हुंगते आणि वास आपला नसला की तोंड फिरवते. अण्णा युसूफ वडगावच्या बाजाराला गेले होते, आई रानात होती. मी विचार केला की भानगड सगळी वासाची आहे. मेलेल्या शेळीचा वास करडाच्या अंगाला आहे, तो घालवला की काम झालं. चुलीवर पाणी तापवलं, आईचा अंगाचा साबण घेतला आणि करडाला दोनदा घासून धुतलं. धाकटी तांब्याने पाणी ओतत होती. फडक्याने पुसून, उन्हात वाळवून मी ते शेळीपुढे उभं केलं.

शेळीने हुंगलं. परत हुंगलं. सकाळी तिने नुसतं तोंड फिरवलं होतं. आता ती मागे सरली आणि अशी धडक दिली की करडू गोठ्याच्या मेढीवर आदळलं आणि त्याचा मागचा पाय मोडला.

अण्णा आले तेव्हा आम्ही दोघी रडत होतो. ते रागावले नाहीत. व्याल्यावर शेळीने टाकलेला जार उकिरड्यावर पडला होता तो त्यांनी आणला, करडाच्या पाठीला, शेपटीला फासला, वरून मीठ चोळलं आणि त्याला शेळीसमोर धरलं. शेळी चाटायला लागली. "सकाळी ते दुसरीचं होतं म्हणून तिनं नुसतं हाकललं," अण्णा म्हणाले. "तू धुतलंस, मग ते कुणाचंच राहिलं न्हाई. जनावराला त्याचं भ्या वाटतंय." करडू जगलं, पण लंगडं. ते मोठं होईपर्यंत मीच त्याला खांद्यावर घेऊन हिंडवलं.

आणि आता धाकटी व्यासपीठावरून सांगत होती, "मी धुतलं, मला वाटलं वास गेला की झालं." अण्णांचं वाक्यही तिने सांगितलं, शुद्ध करून. "म्हणून आम्ही नुसत्या खुणा काढत नाही, तर पेशीवर एक नवी खूण चढवतो. ती पहारेकऱ्यांना सांगते, मला मारू नका. वडिलांनी करडाला जार फासला तसंच." टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लई भारी उदाहरण दिलं बघा."

तिची हुशारी, तिची तब्येत, तिचं पुणं, हे सगळं मी गिळलं होतं. चूक तरी माझी माझ्याकडे राहू द्यायची होती! तिच्या तोंडी माझी चूकसुद्धा शोभून दिसत होती. मी घरी येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि मी बोलत नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही, कारण वाटेत लोक तिला थांबवत होते.

घरी आई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आम्हीही बसलो. घरात आलं की धाकटी पुन्हा आमच्यासारखी बोलते.

"करडू मी धुतलतं," मी म्हणाले.

"कंचं?"

"आज शाळेत तू धुतलंस ते."

ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. "आक्का, मीच धुतलं की. साबण माझ्या डोळ्यात गेलता, मला चांगलं ध्यानात हाय."

"तू पाणी ओतत होतीस."

"ओतलं बी आन् धुतलं बी. तू त्याला धरलंतं."

"मी धरलं, मीच धुतलं! अण्णा मला म्हणले, तू धुतलंस म्हणून. तुला न्हाई म्हणले."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "कुणी धुतलं ते मला न्हाई ठावं. साबण माझा अख्खा संपला."

"बरं, तू धुतलंस," धाकटी म्हणाली. "फुडच्या भाषणात तसं सांगते. माझ्या बहिणीनं धुतलं म्हणते, मग तर झालं?"

तिने थोडं भांडायला हवं होतं. इतकं सहज देऊन टाकल्यावर घेतलेल्याची काय किंमत राहते? मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "करडाचं राहू दे," मी म्हणाले. "माझ्या पेशींचं सांगत जा भाषणात. त्या तर माझ्याच हायत ना? त्यावर आज एक शब्द बोलली न्हाईस."

शेंग फोडून दाणे तिने हातातच ठेवले.

"आक्का, तुझ्या पेशी आता आमी वापरत न्हाई."

"म्हंजी?"

"गोठवून ठिवल्यात. बरेच दिवस झाले."

"आन् मी इचारते तवा मजेत म्हणतीस ती?"

"गोठवलेल्या पेशी मजेतच असतात," ती खाली बघून म्हणाली. "त्यास्नी कायबी होत न्हाई."

म्हणजे इतके दिवस फोनवर ती तोंड पुसूनच येत होती. मी विचारलं, कावून? तिने समजावलं, आणि तिचं समजावणं नेहमीसारखं चोख होतं. माझ्या शरीराचं वैर इन्सुलिनच्या पेशींशीच आहे. त्या माझ्याच पेशींपासून करून मला परत दिल्या तरी ते त्यांना मारणार. म्हणजे लपवायच्या तर आहेतच. मग प्रत्येकाच्या वेगळ्या करून लपवत बसण्यापेक्षा एकाच माणसाच्या घ्यायच्या आणि अशा लपवायच्या की कुणाच्याही शरीराला चालतील. एकदा करून ठेवल्या की मागेल त्याला देता येतील. माझ्या पेशी हट्टी निघाल्या, वळण घेईनात. दुसऱ्या एका माणसाच्या भराभर वाढल्या. त्या पुढे नेल्या.

सगळं पटण्यासारखं होतं आणि मला ते पटलंही. पण त्या दुसऱ्या माणसाचा मला संताप आला. कोण असेल तो? दूध-तूप खाऊन वाढलेला, चष्मा नसलेला, सकाळी टेकडीवर फिरायला जाणारा कुणीतरी. त्याच्या पेशींनी माझ्या पेशींना त्या पेटीतून हुसकून लावलं. त्याच्या पेशी सगळ्या जगाच्या अंगात जाणार आणि माझ्या तिथे बर्फात पडून राहणार.

"कोण हाय तो?" मी विचारलं.

धाकटी हातातले दाणे चोळत बसली. आई म्हणाली, "सांग की गं आता. किती दिवस दडवणार?"

म्हणजे आईलाही माहीत होतं.

"माझ्या हायत," धाकटी म्हणाली. "तुलनेला दिलत्या त्या."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, चांगली उभी-आडवी, गालावर रंग असलेली, माझी धाकटी बहीण. लहानपणापासून मला तिचं जे काही हवं होतं त्यात सगळ्यात जास्त हवं होतं ते तिचं शरीर. काकवी खाऊन खेळायला पळणारं, सुई न लागणारं. आणि शेवटी जगाने पण तेच निवडलं. दोन नळ्या गेल्या एका पेटीतून, एकाच कुंकवाच्या, आणि तिची आवडली.

"तू माझ्यासाठी केलंस म्हणतीस," मी म्हणाले. "आन् त्यात मी कुठंच न्हाई."

तेव्हा ती भडकली. तिला असं भडकलेलं मी फार दिवसांनी पाहिलं. "सगळं तुझंच कमी पडलं का गं? आई जलमभर तुझ्या अंथरुणात झोपली. मी भितीकडं तोंड करून. मला गोवर आलता तवा बी ती तुझ्याजवळ झोपली. मी देवाला म्हणलते, मला बी सुई लागू दे. रोज म्हणायची. त्यानं न्हाई दिली."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. तिलाही माझा हेवा वाटत होता, आणि ते पुन्हा एकदा तिने म्हणावं असं वाटलं. पण ती पदराने डोळे पुसत होती, म्हणून मी विचारलं नाही.

मग तीच म्हणाली, "त्या तयार झाल्या तर तू घेशील का? माझ्या हायत म्हणून नगं म्हणशील?"

"माझ्या अंगाला कळंल का त्या तुझ्या हायत ते?"

"न्हाई कळणार. त्याच्यासाठीच तर सगळं चाललंय."

"मला कळंल की."

"म्हंजी नगं?"

"घेईन," मी म्हणाले. "सोडते व्हय? तुझं कायतरी घ्यायचं म्हणून तर माझा जलम गेला."

ती हसली आणि आईही हसली. मग मी विचारलं, "कधी?" आणि हसणं तिथेच थांबलं. सध्या उंदरांवर चाललंय, उंदीर बरे आहेत, असं ती म्हणाली. पुण्यातले उंदीर माझ्या बहिणीवर जगतात आणि मी सुईवर, हे ऐकून मला त्या उंदरांचाही हेवा वाटला. आणि माणसं? माणसांपर्यंत यायला वेळ आहे, ती म्हणाली, लई वेळ. मी म्हणाले, माझं काय? तिने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं.

"आधी नव्यानं आजारी पडलेल्या पोरास्नी देतील," ती म्हणाली. "ज्यांचे डोळे, किडन्या शाबूत हायत त्यास्नी."

बाकीचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी मराठी शिकवते, न बोललेलं मला कळतं. आई उठून चहा करायला आत गेली, दोघींचा वेगवेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. गाडीत तिने पिशवी ठेवली, आईच्या पाया पडली, मग माझ्याजवळ आली. मी रात्रभर त्याच एका गोष्टीचा विचार केला होता, म्हणून तिला म्हणाले, "ज्या पोरीला पहिल्यांदा देताल, तिला सांग, ही माझी बहीण हाय म्हणून."

"तसं सांगता येत न्हाई, आक्का. कुणाच्या पेशी ते कुणालाच सांगत नसतेत."

"मग मला सांग, ती पोरगी कोण ते."

"ते बी न्हाई सांगता येत."

"जपून तरी ठिवील का ती?"

"तिला जपावं लागणारच न्हाई," धाकटी म्हणाली. "तिच्याच असल्यासारख्या राहतील. ती इसरून जाईल."

गाडी गेली. मी फाटकाशी उभी राहिले आणि कुठल्या तरी गावातल्या, कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या त्या पोरीचा मला असा राग आला की फाटक मी दाणकन लावलं. तिचं शरीर माझ्या बहिणीला आपलीच समजेल. भांडण नाही, रुसवा नाही, मोजमाप नाही. माझी बहीण तिच्या अंगात जन्मभर राहील आणि तिला ते आठवणारसुद्धा नाही. आणि मला ती दिवाळीला मिळते, ते दोन दिवस.